दोन तारे आणि गोड सॉस

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त पिझ्झा. हसू नका! गेल्या मे महिन्यात आमच्या घरी पंधरा दिवसांत सहा ठिकाणचे पिझ्झे खाऊन झाले आणि त्या नादात मला माझ्याच एका जुन्या उचापतीचा हिशेब द्यावा लागला. तो एकदा लिहून टाकला की मी मोकळी.

झालं असं, की बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत दोन वर्षं शिकून परत आला. येताना पदवी आणली, सगळ्यांसाठी बदाम आणले आणि पिझ्झ्याबद्दलची मतं आणली. मतांचं वजन बॅगांपेक्षा जास्त होतं. पहिल्याच शनिवारी मी हौसेने कोथरूडमधल्या आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतून पिझ्झा आणला, तर भाचेसाहेबांनी तुकडा उचलला, उलटा केला, खालून निरखून बघितला आणि म्हणाले, "मावशी, हा पिझ्झा नाहीये."

"मग काय आहे?"

"पावावर घातलेली भाजी आहे."

बाबा (वय ७९, मूळ मिरजेचे, बँकेतून निवृत्त, गोड खायला डॉक्टरांची मनाई आणि डॉक्टरांचं ऐकायला बाबांची मनाई) तोवर दुसरा तुकडा संपवत होते. ते म्हणाले, "मग पावभाजी म्हण. नावं कशाला ठेवतोस?"

तिथून सगळं सुरू झालं. ठरलं असं, की पंधरा दिवस जमेल तिथला पिझ्झा खायचा आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा. पैसे मी द्यायचे, कारण भाच्याला अजून नोकरी नाही. न्यायाधीश बाबा. वही माझी.

आता माझी बाजू आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी पक्षपात म्हणायला नको. माझा पहिला पिझ्झा मिरजेच्या घरात तव्यावर झालेला आहे. १९९३ ची मे महिन्याची सुट्टी. पुण्याची मामी येताना चार बेस घेऊन आली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, आंब्याच्या पेटीवर ठेवून, त्यामुळे त्यांना हापूसचा वास लागलेला. आईने पिझ्झा कधी पाहिलाही नव्हता. मामीने तोंडी सांगितलं आणि आईने केलं. तव्यावर लोणी सोडून बेस आधी वरच्या बाजूने भाजला, मग उलटून त्या भाजलेल्या बाजूवर टोमॅटोचा रस्सा पसरला. रस्साच तो, त्यात साखर होती आणि चिमूटभर लाल तिखट होतं. वर कांदा, ढब्बू मिरची (पुण्यात आल्यावर कळलं, की तिला ढोबळी म्हणतात) आणि अमूलच्या डब्यातलं चीज किसून. वरून जेवणाचं ताट झाकण म्हणून. पाच मिनिटं कोणी हलायचं नाही.

ते चीज काही ताणलं गेलं नाही. जाहिरातीत दिसतात तसे धागे वगैरे काही नाही. किस जसा घातला तसाच, जरा मऊ होऊन बसलेला. आणि आम्हा भावंडांना वाटलं, की आपण मुंबईच्याही पुढे गेलो!

भाच्याला मी हे कौतुकाने सांगितलं, तर त्याने मला चीजचं शास्त्र ऐकवलं. पण पोरगं अभ्यासू आहे, ते मान्य. मोझरेला करताना दही गरम पाण्यात मळून ताणतात, त्यामुळे त्यातल्या प्रथिनांचे धागे एका दिशेला लागतात आणि वितळल्यावर तेच लांबतात. डब्यातलं किंवा वडीचं प्रोसेस्ड चीज करताना त्यात काही क्षार घालून, तापवून, सगळं एकजीव करतात. ते वितळतं तेव्हा मऊ होतं, पण धागा सुटत नाही. म्हणजे आईचं काही चुकलं नव्हतं. ते चीजच तसलं होतं. मावशी, तू हे वाचशीलच, आईला फोनवर सांग. तीस वर्षं ती "माझं चीज जमलं नव्हतं" म्हणते आहे.

आणि बेस आधी भाजण्याची मामीची युक्ती एकदम बरोबर. बेकरीचा बेस आधीच भाजून आलेला असतो. त्यावर थेट ओलं घातलं तर वरचा थर भिजून लगदा होतो आणि खालचा कडक होत जातो. आधी भाजून घेतलं की लोण्याचा एक पापुद्रा मधे येतो. आजही कुठल्या बेकरीत पिझ्झा मऊ लगदा लागला, तर समजायचं, की ही पायरी गाळली.

तर वही. वहीत मी रकाने पाडले होते, पण दुसऱ्या दिवसापासून ते कोणी पाळले नाहीत.

पहिली बेकरी झालीच. ६० रुपये, बशीएवढा, वर कोबी(!), काचेखाली सकाळपासून बसलेला, मागितल्यावर गरम करून देतात. मला आवडतो. बाबांना आवडतो. भाच्याचं मत वर दिलंच आहे.

दुसरा कॉलेजजवळच्या गाडीवरचा. मेयोनीज, त्यावर चीज, त्यावर पुन्हा मेयोनीज, वर तिखट शेवेसारखं काहीतरी. बाबा म्हणाले, "हे चावायचं का प्यायचं?" इथे मात्र आमचं एकमत झालं. हे जे गाड्यांवर भसाभसा घालतात ते बऱ्याचदा दुधाचं चीज नसतंच, वनस्पती तेलापासून केलेलं असतं. ओळखायची खूण अशी, की गार झाल्यावर मेणाच्या पत्र्यासारखं होतं आणि कागदाला तेल सुटतं. आमच्या कागदातून तर वहीलाही सुटलं.

तिसरा लक्ष्मी रोडच्या बाजूचा जैन पिझ्झा. कांदा-लसूण नाही. कोणाला काही कमी वाटलं नाही. पुढे चला.

चौथा एका मोठ्या कंपनीचा, घरपोच. यात लिहिण्यासारखं काही नाही हेच त्याचं वैशिष्ट्य. डॉमिनोजचं पहिलं दुकान १९९६ च्या जानेवारीत दिल्लीत उघडलं, त्याच वर्षी पिझ्झा हट बंगळुरात आलं, आणि तेव्हापासून आपल्याला पिझ्झा म्हणजे काय हे या दोघांनी शिकवलं. वर्ष-सहा महिन्यांनी कुठल्याही गावात खा, चव तीच. वाईट अर्थाने म्हणत नाही. घरात पाहुणी मुलं असतील आणि भांडणं नको असतील, तर मीही तेच मागवते. बाबांना आठवण अमूलच्या पिझ्झ्याची. २००१ मध्ये अमूलने २० रुपयांत पिझ्झा काढला होता, त्याची गोष्ट ते अजून सांगतात. "वीस रुपयात, वीस!" असं म्हणून ते बिलाकडे बघतात आणि मी पर्स बंद करते.

पाचवा मात्र खरा कसोटीचा. बाणेरला लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मिळतो असं कळलं. एकाचे ६४० रुपये. भाचा तिथे देवळात आल्यासारखा वागायला लागला. कडा फुगलेली, तिच्यावर काळे ठिपके. बाबा म्हणाले, "जळलाय." भाचा म्हणाला, "आजोबा, तेच तर हवं असतं." मधला भाग ओलसर, काट्याने-सुरीने खायचा. बाबांनी केचप मागितलं. वेटर अतिशय नम्रपणे म्हणाला, की आम्ही ठेवत नाही. बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव होते, ते मी यापूर्वी फक्त एकदा पाहिले होते, जावयाने चहा नको म्हटल्यावर.

खरं सांगायचं तर सहांतला सगळ्यात चांगला पिझ्झा तोच होता. पीठ दोन दिवस आंबवलेलं, त्याला ताकासारखा हलका आंबट वास होता, आणि टोमॅटोला टोमॅटोची चव होती. त्यात काही वाद नाही. वाद पुढच्या वाक्याचा आहे. भाचा म्हणाला, "हा पिझ्झा. बाकी सगळं नक्कल."

इथे मला बोलावंच लागलं. ज्या नेपल्सच्या नावाने हे चाललंय, तिथल्या लोकांनी १९८४ मध्ये संघ काढून नियम लिहिले. व्यास ३५ सेंटिमीटरच्या वर नको, भट्टी लाकडाची, तापमान ४०० अंशांच्या पुढे, भाजायचा ६० ते ९० सेकंद. २०१७ मध्ये युनेस्कोने त्या पिझ्झेवाल्यांच्या कलेला यादीत घेतलं. उत्तम. पण नियम लिहायची वेळ का आली? कारण तोवर जगभर लोकांनी आपापला पिझ्झा करून टाकला होता. न्यूयॉर्कमधलं सगळ्यात जुनं म्हणून सांगतात ते दुकान १९०५ चं. इटलीहून गेलेल्या लोकांनीच तिथे कोळशाच्या भट्टीत, तिथल्या पिठाचा, तिथल्या चीजचा पिझ्झा केला. भाचा ज्या घडी घालून खायच्या तुकड्याच्या आठवणीने व्याकूळ होतो, तो त्याचाच नातू. शिकागोवाल्यांनी १९४३ मध्ये त्याची खोल परात करून टाकली. अननसाचा पिझ्झा १९६२ मध्ये कॅनडात एका ग्रीक माणसाने केला. आणि मुळात टोमॅटो अमेरिकेतून इटलीत गेलेला. मग कर्वेनगरात आणि मिरजेत केला तरच नक्कल कशी? घरातला ओव्हन फार तर २५० अंशांवर जातो. तिथे नेपल्सचं ओलं पीठ टाकलं तर दहा मिनिटांत वाळून खाकरा होईल. म्हणून आपल्याकडे आधी भाजलेला बेस आला. जे साधन आहे त्यातून निघालेला तो पदार्थ आहे. त्याला त्याच्या मापाने मोजावं, एवढंच माझं म्हणणं.

भाचा म्हणाला, "मावशी, तू वकील व्हायला हवी होतीस."

बाबा म्हणाले, "सरकारनेही मान्य केलंय." ते पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी शून्य केलेल्या वस्तूंच्या यादीत चपाती, रोटी, खाकरा यांच्या पंगतीत पिझ्झा ब्रेडही बसवला आहे. त्यामुळे आमच्या घरात बेसला आता अधिकृतपणे "पिझ्झाची पोळी" म्हणतात.

मी अशी जिंकल्याच्या थाटात होते. आणि मग सहाव्या ठिकाणी गेलो.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर एक छोटं दुकान आहे. एक ओव्हन, एक फ्रीज, चार स्टुलं. दुकान चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असतील. समोर शिकवणीचे वर्ग आहेत, तिथली पोरं त्यांना काकू म्हणतात. तिथे मी दोन वर्षांपूर्वी एकदा पिझ्झा खाल्ला होता, एवढं मला अंधुक आठवत होतं. आम्ही मका-चीज आणि ढोबळी मिरची असे दोन मागवले. १३० रुपयांना एक. मी फोनवरून पैसे भरले. त्यांच्या फोनवर माझं नाव उमटलं. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नाव वाचलं.

"मॅडम, त्या 'सॉस गोड'वाल्या तुम्हीच का?"

आधी मला कळेचना. मग कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दोन वर्षांपूर्वी मी फोनच्या नकाशावर त्यांच्या दुकानाखाली लिहिलं होतं : "सॉस गोड. मका फार. बेस मधे कच्चट. ठीकठाक." आणि दोन तारे. पिझ्झा खाल्ल्यावर लगेच नाही, दहा-बारा दिवसांनी. कारण फोनने विचारलं, "इथे गेला होतात ना? कसं वाटलं?" आणि मी दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लागायची वाट बघत बसले होते. हातात वेळ होता. (दात दुखणाऱ्या बाईने गोड सॉसवर मत द्यावं का, हा प्रश्न मला आत्ता सुचतोय.) लिहायला पाव मिनिट लागलं असेल. नंबर आला, आत गेले, विसरले.

त्या विसरल्या नव्हत्या. आधी एका पतसंस्थेत हिशेब लिहायच्या, त्यामुळे आकडे तोंडपाठ. रागावलेल्या मुळीच नव्हत्या, ते आणखी अवघड होतं. पिझ्झा ओव्हनमधे सरकवत त्यांनी जे सांगितलं ते असं. तुमच्या आधी दहा जणांनी लिहिलं होतं, मिळून ४२ तारे, म्हणजे सरासरी ४.२. तुमचे दोन आले, ११ जणांचे ४४, सरासरी बरोब्बर चार. मग जुलैत एकदा धो-धो पाऊस होता, पोचवणारा मुलगा पाण्यात अडकला, पिझ्झा तासाभराने गार होऊन पोचला, त्या गृहस्थांनी एक तारा दिला. १२ जणांचे ४५. भागिले बारा केलं की ३.७५.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. तेव्हापासून नवीन माणूस कोणी आलं नाही. जुने आहेत, शिकवणीची पोरं आहेत. त्यांना तारे द्यायचं सुचत नाही. बाराचा आकडा तिथेच आहे."

मी भाच्याकडे बघितलं. तो मिरचीचं पाकीट उलटसुलट करून बघत होता. कारण आम्ही गेले पंधरा दिवस दुकानं शोधत होतो ती त्याच्या फोनवरून, आणि तो शोधताना पहिल्यांदा काय करतो तर "४ च्या वरचेच दाखव" हे बटण दाबतो. या दुकानात आम्ही आलो ते केवळ मला आठवलं म्हणून. त्या बटणाच्या जगात हे दुकान अस्तित्वातच नव्हतं.

मोठ्या कंपनीच्या दुकानाखाली समजा तीन हजार लोकांनी लिहिलंय आणि सरासरी ४.१ आहे. तिथे माझे दोन तारे टाकले तर फरक पडेल दशांश चिन्हानंतर चौथ्या घरात. कोणाला दिसणारही नाही. तेच दोन तारे इथे टाकले आणि सरासरी ४.२ ची ४ झाली. मी दोन्हीकडे तेवढंच बोलले असते, पण एकीकडे ते समुद्रात पडलं असतं आणि एकीकडे वाटीत पडलं. हे काही फार खोल गणित नाही, सातवीचं आहे. पण पाव मिनिटात तारे देताना मला ते सुचलं नव्हतं.

आणि ज्या बाईने बाणेरला बसून "ज्याला त्याच्या मापाने मोजावं" असं भाषण दिलं, तिनेच इथे काय केलं होतं? तिच्या आईच्या रश्शातही साखरच होती की!

घरी येताना यावर आमचं रिक्षात भांडण झालं. भाचा म्हणाला, "पण मावशी, गिऱ्हाईकाचे पैसेही कष्टाचेच असतात. सगळ्यांनी दया म्हणून पाच-पाच दिले, तर त्या ताऱ्यांना अर्थ काय? मग मी कुठे जेवायचं ते ठरवायचं कसं?" मुद्दा चुकीचा नाही. शिळं घातलं, स्वयंपाकघर घाण असलं, पैसे जास्त लावले, तर लिहावंच, दुकान कितीही छोटं असो. दया दाखवायला मी सांगत नाहीये. आणि खुद्द त्या बाईंनीही दया मागितली नव्हती. उलट त्यांनी जे सांगितलं त्याने मी जास्त विचारात पडले.

माझ्या त्या आठ शब्दांतला "कच्चट" हा शब्द त्यांच्या कामाला आला होता. ओव्हनची खालची कॉइल गेली होती आणि वरून पिझ्झा छान तांबूस दिसत असल्याने त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. शिकवणीची पोरं भुकेली असतात, ती काही बोलत नाहीत. माझं वाचून त्यांनी एक पिझ्झा मधोमध कापून बघितला, सॉसच्या खाली पांढरट चिकट रेघ दिसली, मेकॅनिकला बोलावलं. "ते तुमच्यामुळे कळलं हो," त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

"सॉस गोड" वाचून मात्र त्यांनी सॉस बदलला होता. साखर कमी, ओरेगॅनो जास्त. दोन महिने तसा केला. पोरांनी तोंडं वाकडी केली, निम्मी समोरच्या वडापावकडे वळली. मग पुन्हा साखर.

म्हणजे बघा, तिथला एकच शब्द दोष दाखवणारा होता आणि तो उपयोगी पडला. "गोड" हा काही दोष नाही, ते नुसतं वर्णन आहे. मला गोड आवडत नाही हा माझा प्रश्न. आणि दोन तारे? त्यांत कॉइलही नव्हती आणि साखरही नव्हती. काहीच माहिती नसलेला नुसता एक आकडा, आणि गिऱ्हाईक तुटलं ते नेमकं त्या आकड्याने. मला विचाराल तर छोट्या दुकानात आधी दुकानदारालाच सांगावं. समोर उभं राहून "मधे कच्चा राहिलाय हो" म्हणायला फार धैर्य लागत नाही. मी त्या दिवशी तेवढं म्हटलं असतं, तर ओव्हन त्याच आठवड्यात दुरुस्त झाला असता आणि दुसरं काही घडलं नसतं. पण आपण समोर "छान होता हं" म्हणतो आणि दहा दिवसांनी दुसऱ्याच कुठल्यातरी रांगेत बसून खरं बोलतो. मी तरी तेच केलं होतं.

पिझ्झा आले. मी तुकडा उलटा करून खालून बघितला (ही सवय आता लागली ती लागलीच). खाली सगळीकडे सारखा तांबूस, मधे रेघ नाही. कडेला लोणी लावलेलं. मका खरंच फार. सॉस गोड. मला अजूनही आवडला नाही. बाबांनी डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाले, "आईसारखा झालाय." म्हणजे माझ्या आईसारखा. मग त्यांनी केचप मागितलं, आणि बाईंनी बाटलीच आणून समोर ठेवली.

मी फोन काढला. त्यांना म्हटलं, "ताई, मी ते काढून टाकते."

"काढू नका," त्या म्हणाल्या. "लिहा, की सॉस गोड आहे. गोड आवडणारे येतील. बाकीचे बाणेरला जातील."

(आम्ही बाणेरला जाऊन आलोय हे बाबांनी तोवर सांगून टाकलं होतं. केचपच्या तक्रारीसकट.)

मग मी पुन्हा लिहिलं, या वेळी पाच मिनिटं घेऊन. काय खाल्लं, कितीला, बेस कसा भाजला होता, सॉस गोड आहे आणि लहान मुलांना व आमच्या बाबांना तो तसाच आवडतो. मका कमी हवा असेल तर आधी सांगा, कमी घालतात. आणि तारे चार. पाच नाही दिले. पाच बाणेरला देऊन बसले होते, आणि खोटं कशाला.

भाच्याने लगेच हिशेब केला. "बारा जणांचे ४७. म्हणजे ३.९. मावशी, अजून चारच्या खालीच."

"असू दे," बाई म्हणाल्या. त्या पुढच्या ऑर्डरच्या ढोबळ्या मिरच्या चिरत होत्या.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने स्वतःचा फोन काढला आणि बराच वेळ काहीतरी टाइप केलं. रिक्षात मी त्याच्याकडून फोन हिसकावून घेऊन वाचलं. लिहिलं होतं, "हा पिझ्झा नाही. तरी जरूर खा." पाच तारे.

"आता तेरा जणांचे ५२," तो म्हणाला. "चार."

"आणि खोटं?"

"खोटं कुठे? पिझ्झ्याला नाही दिले मी. भाजी-पावाला दिले."

ढोबळी मिरचीचा अर्धा उरला होता, तो बांधून आणला. सकाळी उठले तर बाबांनी फ्रीजमधून काढून गारच, चहाबरोबर संपवला होता. वर चिमूटभर मेतकूट भुरभुरून.